तुझा ‘फ्रेंडली’ आहे, पण समोरच्याचं काय?

आधी तो मोबाईल खिशात टाक. ब्रूनोला सावलीत बांध, त्याने हे ऐकायची गरज नाही. चूक त्याची नाही, तुझी आहे. आणि माझं बोलून होईपर्यंत मधे तोंड घालू नकोस. एरवी तू मला काकू म्हणतोस, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. या मैदानावर मात्र मी तुझी बाई आहे, आणि माझ्याकडे चार महिने शिकलेल्या मुलाने काल जे केलं ते मी पोटात घालणार नाही.

काल सकाळी पावणेसातला वेताळ टेकडीवर, खाणीकडे जाणाऱ्या वाटेवर, मी तुझ्या मागे पंचवीस-तीस पावलांवर होते. दोन हाका मारल्या. तुझ्या कानात इअरफोन होते, तुला ऐकू आल्या नाहीत. रात्री तुझ्या आईचा फोन आला. म्हणाल्या, ‘अहो, ती काळी कुत्री काही कारण नसताना एकदम ब्रूनोच्या अंगावर आली म्हणे.’ एकदम, काही कारण नसताना! हे शब्द मी तीस वर्षं ऐकते आहे. कुत्रा घेऊन रडवेली होऊन येणारी दहातली नऊ माणसं हेच सांगतात. अरे, कुत्र्यांमध्ये एकदम काही होत नसतं. तुला ते एकदम दिसलं, एवढाच त्याचा अर्थ. तू आईशी खोटं बोललास असं मी म्हणत नाही. तुला खरंच काही दिसलं नाही, आणि मला ते खोटं बोलण्यापेक्षा जास्त लागलं आहे.

आता मी काय पाहिलं ते ऐक.

काळी वाटेच्या कडेला पुढचे पाय पसरून बसली होती. तोंड उघडं, जीभ बाहेर, कान सैल. ब्रूनो वळणावर दिसला तशी ती उठली आणि तिचं तोंड मिटलं. तेव्हा तुमच्यात चांगलं तीस पावलांचं अंतर होतं. तू चालत राहिलास. तिने मान वळवून शेजारच्या झुडपाकडे पाहिलं. झुडपात काही नव्हतं. ब्रूनोकडे न बघणं हेच तिला करायचं होतं. मग जिभेचं टोक नाकावरून फिरवलं, एकदा, लगेच दुसऱ्यांदा. तू चालत राहिलास. मग ती मान खाली घालून जमीन हुंगायला लागली आणि हुंगता हुंगता वाटेवरून तिरकी खाली सरकली. म्हणजे तिने वाट सोडली. टेकडीवर ती तुझ्या ब्रूनोच्या जन्माआधीपासून राहते, तरी तिने तुम्हाला वाट दिली. तू काय केलंस? पट्टा तिच्याच दिशेने सैल सोडलास आणि हसत म्हणालास, ‘जा, हाय कर.’

ब्रूनो सरळ तिच्या तोंडावर गेला. तिने अंग चोरलं, शेपूट खाली घेतलं, जांभई दिली. त्याने तिच्या खांद्यावर पंजा टाकला. त्यासरशी ती थिजली. हललीच नाही. डोळ्याच्या कडेला पांढरं दिसायला लागलं. एक, दोन, तीन सेकंद. या तीन सेकंदांसाठी मी तुम्हाला अख्खा एक रविवार शिकवलं होतं! मग ओठ उचलला गेला आणि गुरगुर आली. आणि तू त्या कुत्रीला म्हणालास, ‘अगं, फ्रेंडली आहे तो!’

त्यानंतर तिने हवेत दात वाजवले. ब्रूनोला ओरखडासुद्धा उठलेला नाही. त्याची मान मी आत्ता आल्या आल्या चाचपून पाहिली. एवढ्या जवळून ज्या कुत्रीला चावायचंच असतं तिचा नेम चुकत नसतो. चुकवायचा होता म्हणून चुकवला. तोंड मिटण्यापासून गुरगुरण्यापर्यंत त्या जनावराने तुला आठ वेळा ‘नको’ म्हटलं. आणि तू उचललास दगड.

आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं! ब्रूनो लाळ गाळत अंगावर गेला तर तो ‘फ्रेंडली’, आणि तिने दात वाजवले तर ती ‘पिसाळलेली’. ‘माझा फ्रेंडली आहे’ या वाक्यात समोरच्या कुत्र्याबद्दल एक अक्षर तरी आहे का? समोरची म्हातारी असेल, तिचे सांधे दुखत असतील, माजावर असेल, कालच कुणाकडून मार खाल्लेला असेल, किंवा नुसतंच तिला आज कुणाशी बोलायचं नसेल. ब्रूनो कितीही गुणी असला तरी त्याने यातलं काय बदलतं? रस्त्यात अनोळखी माणसाने येऊन तुझ्या गळ्यात हात टाकला आणि त्याच्या बरोबरचा लांबून ओरडला की ‘तो चांगला आहे हो’, तर तू गप्प उभा राहशील का?

आपल्या भाषेनेही यात थोडा घोळ घातला आहे. जिभल्या चाटणं म्हणजे आपल्याला हावरटपणा वाटतो. कुत्र्याने समोर खाणं नसताना नाकावरून जीभ फिरवली तर त्याचा जीव वरखाली होतो आहे असं समजायचं. शेपूट हलवणं म्हणजे आपण लाळघोटेपणा समजतो, शेपूट घालणं म्हणजे भित्रेपणा. आणि सगळ्यात घातक ते ‘भुंकणारं कुत्रं चावत नाही’. चावतं. भुंकून, गुरगुरून, सगळं सांगून झाल्यावर कुणी ऐकलं नाही तर चावतं. आणि ज्याचं भुंकणं आपण मारून मारून बंद केलं ते तर न सांगता चावतं.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. माझा पहिला कुत्रा मोती. तेव्हा मी तुझ्याएवढी होते. जिन्यात शेजारचा पामेरियन जवळ आला की मोती गुरगुरायचा, आणि मी त्याच्या नाकावर फटका मारायची. महिन्याभरात गुरगुर थांबली. मी चार जणींना अभिमानाने सांगितलं की मोतीला वळण लावलं. पुढच्या महिन्यात त्याच जिन्यात त्याने त्या पामेरियनचा कान फाडला, तोंडातून आवाज न काढता. मोतीची भीती मी घालवलीच नव्हती, त्याचा आवाज तेवढा काढून घेतला होता. दुसऱ्याच्या कुत्र्याच्या कानाला माझ्यामुळे पडलेले टाके मी उभं राहून पाहिले आहेत. म्हणून वर्गात पहिल्या दिवशी सांगते: गुरगुरणाऱ्या कुत्र्याला रागवायचं नाही, त्याचं ऐकून मागे व्हायचं. काळी गुरगुरली, म्हणून ब्रूनो आज धडधाकट आहे. तिचे उपकार मान.

आता शेपटीचं. काल माझ्यासमोर तू म्हणालास, ‘पण काकू, ती आधी शेपूट हलवत होती.’ हलवत होती. कशी हलवत होती ते बघितलंस का? कंबरेपासून सगळं अंग घुसळत, शेपूट पाठीच्या रेषेत सैल ठेवून हलवणारा कुत्रा वेगळा. शेपूट झेंड्यासारखं वर, ताठ, नुसतं टोक थरथरतं आहे आणि बाकी अंग लाकडासारखं, तो वेगळा. शेपूट पोटाखाली आणि तिथेच भराभर हलतं आहे, तो आणखी वेगळा. काळी तिसऱ्यातली होती. इटलीतल्या संशोधकांनी २००७ साली दाखवलं की मालक दिसला की कुत्र्याचं शेपूट त्याच्या उजव्या बाजूला जास्त झुकतं, आणि दांडगा अनोळखी कुत्रा दिसला की डाव्या बाजूला. २०१३ मध्ये त्यांनीच पुढचं दाखवलं: डावीकडे झुकणारं शेपूट पाहणाऱ्या कुत्र्यांची छाती जास्त धडधडते. चालता चालता डावं-उजवं तुला टिपता येणार नाही आणि मी ते मागतही नाही. पण शेपूट हललं की झालं, ही तुझी समजूत किती तोकडी आहे ते यावरून लक्षात घे. ज्यांच्यासाठी ती भाषा आहे त्यांना त्यातली बाजूसुद्धा वाचता येते.

आणि ज्यांचं शेपूटच आपण छाटून टाकलं त्यांनी काय बोलायचं? कॅनडात व्हिक्टोरिया विद्यापीठातल्या दोघांनी यंत्राचा कुत्रा करून त्याला कधी लांब तर कधी आखूड शेपूट लावलं. २००८ सालची गोष्ट. लांब शेपूट हलत असलं तर मोठी कुत्री मोकळेपणाने जवळ यायची, तेच निश्चल उभं असलं तर बिचकायची. आखूड शेपटीत त्यांना हलतं काय आणि स्थिर काय, फरकच करता येईना. आपल्या वर्गातल्या त्या डोबरमनला सगळे ‘खुनशी’ म्हणतात. तो खुनशी नाही, आपण त्याला मुका केला आहे. पगचं बसकं नाक, त्याची कायमची घरघर, हेही समोरच्या कुत्र्याला नीट वाचता येत नाही. त्याला ती गुरगुर वाटते. असा कुत्रा समोरून आला तर दुप्पट अंतर ठेवायचं, हे मी सांगितलं होतं. वहीत आहे का तुझ्या? वहीच आणत नाहीस तू.

डार्विनचं पुस्तक मी तुम्हाला आणून दाखवलं होतं, माणसांच्या आणि प्राण्यांच्या भावना चेहऱ्यावर-अंगावर कशा उमटतात त्यावरचं, १८७२ सालचं. त्यात कुत्र्यांची चित्रं आहेत. एक कुत्रा वैर धरून दुसऱ्याकडे निघालेला: पाय ताठ, मान पुढे, शेपूट वर, मानेवरचे केस उभे, नजर रोखलेली. दुसरा प्रेमात आलेला: अंग लवलेलं, कान मागे, सगळी रेषाच वळणदार. दीडशे वर्षांपूर्वीच्या माणसाने नुसत्या डोळ्यांनी बघून हे लिहून ठेवलं, आणि तू रोज दोन वेळा कुत्रा फिरवतोस.

आता त्या चित्रांवरून तुझ्या पट्ट्याकडे ये. मोकळी कुत्री सहसा एकमेकांच्या तोंडावर सरळ चालून जात नाहीत. कडेने येतात, अर्धा गोल घेतात, तोंड टाळून मागच्या बाजूला हुंगतात, आणि मग आपापल्या वाटेने जातात. नॉर्वेच्या तुरिड रुगास या बाईंनी समोरच्याला शांत करणाऱ्या या खुणा वर्षानुवर्षं बघून नोंदवल्या. मान वळवणं, जीभ, जांभई, जमीन हुंगणं, गोल घेऊन येणं, सगळं त्यात आहे. एकट्या जांभईचा अर्थ लावत बसू नये, कधीकधी ती नुसती जांभईच असते. पण समोर कुत्रा, अंतर कमी होतंय, आणि तीन-चार खुणा एकापाठोपाठ, मग शंकेला जागा राहत नाही. तू पट्टा ताणून धरतोस तेव्हा ब्रूनोला गोल घेता येत नाही, मान वळवता येत नाही, मागे होता येत नाही. छाती वर उचलली जाते, मान ताठ होते, गळा आवळून घरघर येते, डोळे पुढे लागतात. समोरून बघणाऱ्याला डार्विनचं पहिलं चित्र दिसतं. ब्रूनो मनाने दुसऱ्या चित्रातला आहे. तू त्याला पहिल्यातला करून लोकांवर सोडतोस. त्याची पळून जायची सोय तू हातात गुंडाळून धरली आहेस. म्हणून समोरच्याला वाचणं त्याच्यावर सोडता येत नाही. ते तुझं काम आहे. पट्टा ज्याच्या हातात त्याचं ते काम.

कसं करायचं तेही पुन्हा सांगते, शेवटचं. समोर कुत्रा दिसला की वीस पावलांवर थांब. आपल्या कुत्र्याकडे नको, समोरच्याकडे बघ. तोंड उघडं आणि सैल आहे की मिटलेलं? वजन पुढच्या पायांवर आलंय की मागच्या? हलतोय की थिजलाय? मानेवरचे केस उभे असले तर लगेच घाबरू नकोस, नुसत्या उत्साहानेही उभे राहतात. पण त्याच्याबरोबर अंग ताठ असेल तर वळ आणि चालू लाग. बरोबर माणूस असेल तर लांबूनच विचार, ‘भेटू द्यायचं का?’ आणि उत्तर ऐकून घे. तो ‘नको’ म्हणाला तर कारण विचारायचा तुला हक्क नाही. ‘हो’ म्हणाला तरी कुत्र्याचा होकार वेगळा घ्यायचा असतो. पट्टा झोळीसारखा लोंबता ठेव, कडेने जाऊ दे, तीन सेकंद हुंगू दे आणि हाक मारून परत बोलव. पुन्हा जावंसं दोघांनाही वाटलं तर जातील. एकालाच वाटलं तर भेट संपली.

खेळाचंही तसंच. पुढचे पाय पसरून, ढुंगण वर करून कुत्रा वाकला की तो खेळायला बोलावतोय हे शेंबड्या पोरालाही कळतं. त्यापुढचं बघ. खऱ्या खेळात पाळी बदलते. आत्ता हा पाठलाग करतो, मग तो. दांडगा असतो तो मुद्दाम खाली पडतो. मधे मधे दोघं थांबतात, अंग झटकतात, पुन्हा सुरू करतात. एकच सारखा वर आणि एकच सारखा खाली दिसला, की वरच्याला धरून बाजूला घे. खालचा परत त्याच्याकडे आला तर खेळ चालू होता. बाकाखाली जाऊन बसला तर खेळ नव्हता, छळ चालला होता, आणि तू कट्ट्यावर बसून त्याचा व्हिडिओ काढत होतास. हो, मागच्या रविवारचंच म्हणते आहे. त्या बीगलच्या पिल्लाने तीन वेळा तुझ्या पायाशी येऊन आसरा मागितला. तू त्याला पायाने परत आत ढकललंस.

आता दगड.

काळीच्या कानाला खाच आहे, ती तरी पाहिलीस का? त्या खाचेचा अर्थ तिची नसबंदी झाली आहे आणि तिला रेबीजची लस टोचली आहे, मग तिला जिथून उचललं तिथेच परत आणून सोडलं आहे. नियमच तसा आहे, २००१ चाही होता आणि २०२३ चाही आहे. टेकडी तिचं घर आहे, तू तिथे फिरायला येतोस. जनावराला असं मारणं १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे, पण तुला कायद्याच्या धाकाने थांबवायची वेळ माझ्यावर यावी याचीच मला शरम वाटते. आणि नुकसान किती केलंस ते ऐक. काल काळी एक गोष्ट शिकली. पिवळा लॅब्रेडॉर आला की त्याच्या मागून दगड येतो. उद्या आठ-नऊ वर्षांची एखादी मुलगी तसाच लॅब्रेडॉर घेऊन त्या वाटेने येईल. तेव्हा काळी आठ वेळा ‘नको’ म्हणेल असं समजू नकोस. पहिल्या सात खुणांचा काही उपयोग होत नाही हे तू तिला शिकवून ठेवलं आहेस. तिने त्या मुलीच्या पोटरीत दात रोवले तर वर्तमानपत्रात काळीचं नाव येईल, तुझं येणार नाही.

पावसाळा सरता सरता या कुत्र्यांचा माजाचा काळ सुरू होतो, थंडीत पिल्लं होतात. सगळ्याच कुत्र्यांच्या कानाला खाच नाही. खाणीच्या कडेच्या खोबणींत मी दरवर्षी पिल्लं पाहते. व्यालेली कुत्री आठ खुणा करत बसत नाही, दोन करते. तेव्हा टेकडीवर याच डोळ्यांनी आणि कानात इअरफोन घालून आलास तर ब्रूनो शिवून घ्यावा लागेल. आणि तुला चावली तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी लस घ्यायला जायचं, हळद चेपत बसायचं नाही. हेही शिकवलं होतं.

मी तुला वर्गातून काढणार नाही. काढलं असतं तर तुला सोपं गेलं असतं, आणि ब्रूनोला त्याची शिक्षा झाली असती. उद्यापासून दहा दिवस ब्रूनोला टेकडीवर आणायचं नाही. त्याला दुपारी सामसूम असताना कॉलनीत फिरव. कालच्या प्रसंगाचा ताण त्याच्याही अंगात आहे, तो एका रात्रीत उतरत नाही. सकाळी तू एकटा ये. इअरफोन घरी ठेव, वही-पेन आण. रोज पाच कुत्री बघायची आणि लिहायची: तोंड, कान, शेपूट, वजन कुठल्या पायांवर, समोरच्यापासून अंतर किती. ‘रागावली’, ‘घाबरली’, ‘फ्रेंडली’ यातला एकही शब्द वहीत दिसता कामा नये. दिसलं तेवढंच लिही. अकराव्या दिवशी मी वही तपासेन आणि मगच टेकडीवर ब्रूनोचा पट्टा तुझ्या हातात देण्याचं बघू.

काळी सव्वासहाला त्याच वाटेवर येते. तिच्यापासून तीस पावलं लांब, तिच्याकडे बाजू करून बस. आणि तिच्याकडे टक लावून बघू नकोस.